बटण लावता येतं का?

(आकाशवाणीवरील भाषण)



परवा शेजारचा मुलगा पेढे घेऊन आला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, म्हणजे आपल्या एनडीएचं, बोलावणं आलं होतं. लेखी परीक्षेचे ९०० गुण, एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्यांचे, ९००, मग डॉक्टरी तपासणी आणि शेवटी गुणवत्ता यादी, एवढ्या चाळण्यांतून खाली आलेलं पत्र! माझ्या तोंडातला पेढा विरघळायच्या आत त्यानं विचारलं, "काका, जायच्या आधी रोज जोर किती मारू?"

मी म्हटलं, "शर्टाचं बटण लावता येतं का तुला?"

तो आईकडे बघायला लागला.

एके काळी त्याच फाटकातून मीही आत गेलो होतो, म्हणून हा आगाऊपणा. तिथं तीन वर्षं, सहा सत्रं काढायची असतात. अंग कसं कमवायचं ते उस्ताद बघून घेतात, त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. टंचाई असते ती वेळेची. पहाटे पीटी, मग ड्रिल, वर्ग, संध्याकाळी खेळ, आणि प्रत्येक वेळी कपडे वेगळे. एक गणवेश उतरवून दुसरा चढवायला मोजकी मिनिटं मिळतात. अशा वेळी ज्याला इस्त्री येत नाही, बुटाला पॉलिश येत नाही, त्याचे पन्नास जोर काय कामाचे?

म्हणून आजपासून घरात आपलं ताट आपण घासा, अंथरूण आपण घाला. नवे बूट पेटीत जपून ठेवू नका, पायात घालून बाजारात जा. फोड यायचे ते घरी येऊ द्या, इथं हळद लावायला आई आहे.

धावायचं जरूर, पण बेतानं. पत्र आलं म्हणून उद्यापासून डांबरी रस्त्यावर दहा किलोमीटर सुरू केलेत, तर नडगी धरते. मातीवर धावा आणि अंतर आठवड्याआठवड्यानं वाढवा. मित्रांच्या मोटारसायकलीवरून गड बघायला जाणं आता बंद. सिंहगड प्रबोधिनीतून रोज दिसतो, आणि तोरण्याच्या नावाचा तर एक कॅम्पच आहे. गड पाठीवर ओझं घेऊन बघायचे आहेत, घाई कसली?

पोहता येत नसेल तर तिथं शिकवतात. पाण्याची भीती मात्र कुणा जाणत्याच्या नजरेखाली इथंच मोडून जा. मराठी शाळेतून आलेल्यांनी रोज अर्धा तास मोठ्यानं इंग्रजी बोलावं, चुकलं तरी बोलावं. तिथं शिकवणं इंग्रजीतून असतं, आणि गप्प बसणाऱ्याला कोपरा मिळत नाही.

मुलींच्या घरांनाही माझं हेच सांगणं आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली, २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी आत गेली, आणि मे २०२५ मध्ये १७ जणी संचलन करत बाहेर पडल्या. त्यांच्यासाठी वेगळा सोपा रस्ता नव्हता.

आता अवघड गोष्ट. चौकात तुमचा फ्लेक्स लागेल, शाळेत नारळ-शाल मिळेल. घ्या, आईबापांनी त्याची वाट पाहिलेली असते. पण फाटकाच्या आत तुम्ही सगळ्यात कनिष्ठ. तिथं आलेला प्रत्येक जण आपल्या गावचा पहिलाच असतो. केलेलं काम मोडून पुन्हा करायला लावतील. घडी पुन्हा, पॉलिश पुन्हा, सलाम पुन्हा. यात अपमान वाटू लागला की मुलगा आतून थकतो, आणि तो थकवा व्यायामानं जात नाही.

पालकांनो, पहिले काही आठवडे फोन क्वचित येईल. आला तर "जेवलास का?" एवढंच विचारा. "परत ये" हे शब्द मात्र गिळून टाका.

तर तो शेजारचा मुलगा. काल संध्याकाळी शर्ट घेऊन आला. बटण लावलं होतं, पण दोरा इतका आवळलेला, की ते काजातून जाईना. म्हटलं, "उसव." त्यानं उसवलं. दुसऱ्यांदा बटण लोंबायला लागलं. मी काही बोलायच्या आत त्यानंच कात्री उचलली.

त्याच्याकडे अजून सतरा दिवस आहेत.