पट्टीची शेवटची ओळ



विद्यार्थ्यांच्या संमेलनात स्वागताध्यक्षाचं भाषण ऐकायला कुणी येत नाही, हे मला ठाऊक आहे. मांडवाचं भाडं, आचाऱ्याची उचल आणि पाहुण्यांच्या खोल्या बघायच्या, हे त्याचं काम. त्या बदल्यात सुरुवातीला थोडा वेळ माइक मिळतो. तो मी सोडणार नाही.

कृष्णाकाठच्या सांगलीत तुमचं मनापासून स्वागत. बाहेरगावच्यांना सांगली माहीत असते ती नाट्यपंढरी म्हणून. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं इथे ‘सीतास्वयंवर’ केलं, हे तुम्ही शाळेत पाठ केलंय. पुढचं सहसा कुणी सांगत नाही. १८५१ साली चिंतामणराव गेले आणि आश्रय आटला. मग भावे आपली मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून त्यांनी खेळ केले. संमेलनाचा विषय पैशाचा आणि पोटापाण्याचा आहे, म्हणून आमच्या गावाची ही बाजू मुद्दाम सांगितली.

मी काही अर्थतज्ज्ञ नव्हे. मार्केट यार्डात हळदीची अडत करतो. वडील करायचे, आता मी करतो. दहावीच्या सुट्टीत वडिलांनी मला गादीवर बसवलं आणि कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायला लावली. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी अडीच रुपयांचा मेळ बसेना. मी खिशातून अडीच रुपये काढून गल्ल्यात टाकले आणि “लागला मेळ” म्हणालो. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी ते अडीच रुपये परत माझ्या हातावर ठेवले आणि दिवाबत्ती झाल्यावरही मला उठू दिलं नाही. रात्री साडेनऊला सापडलं: एका हमालाच्या चहाचे पैसे नावे टाकायला मी विसरलो होतो. त्या वेळी मला वडिलांचा भयंकर राग आला होता. अजूनही थोडा येतो.

आता तुमच्या फोनकडे येतो. यूपीआय २०१६ साली आलं. तुमच्यातले बरेच जण तेव्हा प्राथमिक शाळेत असतील. म्हणजे पाकिटातून नोट काढताना होणारी चुटपुट तुम्हाला फारशी माहीतच नाही. वीस रुपयांचा चहा, साठ रुपयांची रिक्षा, दर महिन्याला आपोआप कापलं जाणारं कसलंसं वर्गणीचं पॅक. फोनमध्ये सगळी नोंद असते, म्हणून ती कुणी बघत नाही. न बघितलेली नोंद आणि न केलेली नोंद यांत मला फरक दिसत नाही. हातानं लिहून बघा, महिनाभरच. मी ॲपच्या विरोधात नाही, पण लिहिताना हात थांबतो, एवढं खरं.

आमच्या धंद्यातला एक कागद तुम्हाला दाखवायचा आहे. शेतकऱ्याचा माल सौद्यात गेला, वजन झालं, की आम्ही त्याला पट्टी देतो. वरती दर आणि वजन, खाली हमाली, तोलाई, आणि हंगामात त्यानं घेतलेली उचल असेल तर ती. शेतकरी पट्टी हातात घेतली की वरचा आकडा वाचतच नाही. अंगठा सरळ शेवटच्या ओळीवर जातो: कपात जाऊन हातात किती? शाळा चौथीत सोडलेला माणूसही हे चुकत नाही.

गेल्या वर्षी माझी पुतणी इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरी लागली. घरात पेढे वाटले. “काका, ४ लाखांचं पॅकेज!” मी म्हटलं, पट्टी आण. ऑफर लेटरची प्रिंट काढून आम्ही ओसरीवर बसलो. ४ लाखांतले ४० हजार ‘व्हेरिएबल’, म्हणजे कंपनीचं आणि तिचं वर्ष चांगलं गेलं तर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ २४ हजार, तोही त्यातच धरलेला. ग्रॅच्युइटी साडेनऊ हजारांच्या आसपास, आणि ती पाच वर्षं टिकली तरच मिळायची, असं पत्रात बारीक अक्षरांत होतं. गटविम्याचा हप्ता निराळा. हे सगळं वजा करून महिन्याला २६ हजार साडेसहाशे उरले. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ २ हजार आणि व्यवसाय कर २०० गेला. शेवटच्या ओळीत आले साडेचोवीस हजार. पोरगी गप्प झाली. ४ लाखांना बारानं भागून तेहतीस हजार येतात, त्या हिशेबानं तिनं खोली बघून ठेवली होती.

नोकरी वाईट नव्हती, तिनं घेतलीही. खोली मात्र दुसरी घेतली, दोन मैत्रिणींबरोबर. पीएफ हा कापलेला पैसा वाटतो, पण तो तिचाच आहे, आणि नोकरी बदलताना तो काढून खाण्याऐवजी नव्या खात्यात वळवायचा, हेही त्याच ओसरीवर ठरलं. पत्रात आणखी एक अट होती: मूळ प्रमाणपत्रं जमा करावीत. ती मी देऊ दिली नाहीत. झेरॉक्स घ्या, मूळ बघा आणि परत करा, असं तिनं नम्रपणे कळवलं आणि कंपनीनं मुकाट्यानं मान्य केलं. विचारलं नसतं तर कागद गेले असते.

उचल हा शब्द मघाशी दोनदा आला. आम्ही अडते काही साधुसंत नाही. उचलीवर माणूस बांधला जातो, हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि त्यावर आमचा धंदाही चाललाय. म्हणून हे माझ्याकडून ऐका. क्रेडिट कार्ड, ‘आत्ता घ्या, नंतर भरा’, फोनवर पाच मिनिटांत मिळणारं कर्ज, ही सगळी उचलच. कार्डाचं पूर्ण बिल तारखेला भरलंत तर ती फुकटची उचल आहे, खुशाल वापरा. पण बिलावर ‘किमान रक्कम’ असा एक सोज्वळ आकडा छापलेला असतो. तो भरून जो निवांत झोपतो, त्याच्या उरलेल्या रकमेवर महिन्याला शेकडा साडेतीनच्या आसपास व्याज चढायला लागतं. वर्षाचे झाले ४२ टक्के. आपल्या राज्यात परवानाधारक सावकारालासुद्धा विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही.

जुन्या पेढ्यांवर एक आडाखा असायचा: बहात्तरला व्याजाच्या दरानं भागा, रक्कम किती काळात दुप्पट होते ते कळतं. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. तिथे तुमचे पैसे दुप्पट व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. कार्डावरचं थकलेलं देणं महिन्याच्या साडेतीननं दुप्पट व्हायला वीस-एकवीस महिने पुरतात. हा हिशेब करायला कॉमर्सची पदवी लागत नाही.

वायद्याबद्दल फार बोलत नाही, कारण त्याची खाज आमच्या गावाला जुनी आहे आणि माझ्या घरातही ती येऊन गेली आहे. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे जाहीर केले. आधीच्या तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी शंभरातले ९३ तोट्यात गेले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींवर. वसतिगृहाच्या खोलीत बसून आपण उरलेल्या सातांत असू, असं प्रत्येकाला वाटतं. हळदीचा भाव चाळीस वर्षं रोज बघणारी माणसं मी वायद्यात बुडालेली पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट, जी व्यासपीठावरून सहसा बोलली जात नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला कॉलेजच्या कट्ट्यावर कुणीतरी भेटलं. “तुझं खातं वापरायला दे, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला ५ हजार.” पोराला वाटलं, आपल्या खात्यात तसेही २०० रुपयेच आहेत, जाणार काय? दोन महिन्यांनी दुसऱ्या राज्यातून पोलिसांची नोटीस आली. कुणा म्हाताऱ्याचे फसवून काढलेले पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. खातं गोठलं, शिष्यवृत्ती त्याच खात्यावर यायची ती अडकली, आणि वडील वकिलाच्या पायऱ्या झिजवायला लागले. खातं भाड्यानं द्यायची वस्तू नाही. तुमचीच फसवणूक झाली तर १९३० हा क्रमांक आहे, जितक्या लवकर लावाल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. घरी काय म्हणतील या भीतीनं मुलं दोन दिवस गप्प बसतात, आणि त्या दोन दिवसांत पैसे दहा खात्यांतून फिरून येतात.

आता माझी फजिती. दुसऱ्यांचे कागद वाचायला सांगणाऱ्या माणसानं स्वतःचा वाचला होता का, हा प्रश्न तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकतो. गावभागात माझं जुनं गोदाम आहे. २००५ च्या पुरात तिथे पाणी आलं. पुढे एका वर्षी विम्याचं नूतनीकरण करताना एजंट म्हणाला, आगीच्या पॉलिसीतून वादळ-पुराचा भाग काढला तर हप्ता कमी होईल. मी हिशोबी माणूस. २००५ सारखा पूर शंभर वर्षांत पुन्हा येत नसतो, असं म्हणालो आणि सही केली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आठवड्यानंतर गोदामाचं दार उघडलं तेव्हा भिंतीवर छातीच्या वर पिवळी रेघ होती. रेघेखालची पोती बुरशीनं काळी पडली होती. दार उघडल्यावर आलेला तो ओल्या हळदीचा कुबट वास अजून माझ्या नाकात आहे. पॉलिसी काढून वाचली. पुराचा भाग नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, खाली माझीच सही. दोष द्यायलाही कुणी नव्हतं. हप्त्यात किती वाचले होते, हा आकडा मी घरी अजून सांगितलेला नाही, इथेही सांगणार नाही.

म्हणून पहिल्या पगारातून आरोग्यविमा घ्या म्हणतो, तेव्हा त्याबरोबर तो वाचायला बसण्याची एक दुपारही घ्या. कंपनीचा गटविमा नोकरी आहे तोवरच असतो, हेही त्याच दुपारी कळेल.

दुपारच्या सत्रानंतर हौस असेल त्यांनी हरिपूरला जाऊन या. संगमावर, जवळच आहे. तिथे जमिनीत हळदीची पेवं असायची. खोल खड्डा, आत कडबा-पाचटाचं अस्तर, त्यात हळद, वरून तोंड बंद करून माती लिंपायची. हवा नाही म्हणून कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. काही तास थांबायचं, कंदील सोडून बघायचा, ज्योत विझली तर पुन्हा थांबायचं. घाई करणारी माणसं आत गेली ती वर आली नाहीत. तोंड बंद असलेल्या पैशाचंही असंच आहे, हात पटकन पोचत नाही हाच त्याचा गुण. पीपीएफला १५ वर्षं लागतात म्हणून मुलं नाकं मुरडतात. वर्षाच्या सुरुवातीला १२ हजार टाकत गेलात तर आजच्या दरानं १५ वर्षांनी सव्वातीन लाखांच्या आसपास होतात. घातलेले असतात १ लाख ८० हजार. आता पेवं जवळपास संपली, माल शीतगृहात जातो. २००५ च्या पुरात कित्येक पेवांत पाणी शिरलं, आणि ज्यांची सगळी हळद तिथेच होती ते उठलेच नाहीत. म्हणून सगळं एकाच ठिकाणी नको. बँकेतल्या ठेवीला विमा आहे, एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो १ लाखच होता. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. दोन टक्के जास्त व्याज देणाऱ्या काउंटरवर उभं राहताना हे आठवावं. आमच्या भागात ज्यांना आठवलं नाही, ते अजून पासबुक घेऊन फिरतात.

शेवटी, तुमच्यातले कितीतरी जण पुण्यात पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा करताहेत किंवा करणार आहेत. मी त्याच्या विरोधात नाही. आमच्या यार्डातल्या हमालाची मुलगी फौजदार झाली तेव्हा आम्ही सौदे थांबवून तिची मिरवणूक काढली. पण कॉट, मेस, अभ्यासिका धरून महिन्याला १० हजार धरा. पाच वर्षांचे ६ लाख झाले, आणि त्या पाच वर्षांत न कमावलेला पगार निराळा. तो कुठल्याच कीर्दीत येत नाही, बापाच्या जमिनीच्या उताऱ्यावर मात्र येतो. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयाची अट ३८ आहे, म्हणून ३८ पर्यंत बसायलाच हवं असं लोकसेवा आयोगानं कुठे म्हटलेलं नाही. जाताना थांबायची एक तारीख लिहून ठेवा आणि ती आईला दाखवा. स्वतःला दाखवलेली तारीख पुढे ढकलता येते. मधल्या काळात रिकामं बसू नका. राज्य सरकारच्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला महिन्याला ६, आयटीआय-पदविकावाल्याला ८ आणि पदवीधराला १० हजार विद्यावेतन ठरलं आहे. रक्कम थोडी आहे, पण हजेरीपटावर नाव लागतं.

माझी वेळ संपल्याची चिठ्ठी सचिवांनी दुसऱ्यांदा पाठवली आहे. तेव्हा कामाचं सांगतो. मुलींची राहण्याची सोय मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. तुमच्या पिशवीत शाल-श्रीफळाऐवजी लाल कापडी बांधणीची एक वही आहे. दिवाळीत पूजेला लागते तीच, आमच्या नेहमीच्या बाइंडरकडून करून घेतली आहे. पहिलं पान कोरं सोडायची रीत आहे, दुसऱ्यापासून लिहायला हरकत नाही. चहा आणि भडंग मांडवाच्या डाव्या बाजूला आहे. तिथे क्यूआर कोड शोधू नका, तो खर्च स्वागत समितीच्या नावे टाकलाय.