संडे स्कूलमधले चिंचोके



आज मी आमच्या संडे स्कूलमधल्या प्रश्नांच्या खेळाबद्दल बोलणार आहे. ज्यांना संडे स्कूल ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगते. रविवारी चर्चमध्ये मोठ्यांची उपासना असते, आणि मुलांना वेगळं बसवून पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगतात, गाणी शिकवतात. कुठे बालसंस्कार वर्ग असतो, कुठे मदरसा असतो, तसंच हे. शिकवणाऱ्या आपल्यासारख्याच बायका, घरचा स्वयंपाक उरकून आलेल्या. पाच वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची मुलं एकाच खोलीत. लहानांना गोष्ट समजेपर्यंत मोठी जांभया देतात.

म्हणून मी प्रश्नमंजुषा घ्यायचं ठरवलं. अगदी टीव्हीवरच्या करोडपतीसारखी. चिठ्ठ्या केल्या, डब्यात टाकल्या. ज्याचं नाव येईल त्याने पुढे यायचं, चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि उत्तर द्यायचं. चुकला तो बाद. शेवटी उरेल त्याला कंपासपेटी. पहिल्या रविवारी काय गलका झाला म्हणून सांगू! मी खूश. दुसऱ्या रविवारी तीच तीन मुलं शेवटपर्यंत राहिली, बाकीची भिंतीला टेकून बसली. तिसऱ्या रविवारी चौथीतला एक मुलगा आलाच नाही. त्याच्यानंतरच्याही रविवारी नाही.

द्राक्षांच्या थिनिंगचे दिवस होते. आई पहाटेच बागेत जात असेल, पोराला आणायला कुणी नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. तरी एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. आईने चहा ठेवला आणि हळूच म्हणाली, “बाई, त्याला नीट वाचता येत नाही. जोडाक्षर आलं की अडतो. तुम्ही चिठ्ठी वाचायला लावली, पोरं हसली. आता रविवार आला की म्हणतो, पोटात दुखतंय.”

तो चहा माझ्या घशाखाली उतरेना. संडे स्कूल मुळात निघालं कशासाठी, तर इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स नावाच्या माणसाने १७८० साली कामगारांच्या मुलांसाठी अशी शाळा काढली. आठवडाभर राबणाऱ्या मुलांना रविवारीच सवड मिळे, तेव्हा त्यांना अक्षर ओळखता यावं, शास्त्र वाचता यावं म्हणून. आणि मी वाचता न येणाऱ्यालाच हसं करून घरी बसवला होता.

मग खेळ बदलला. चिठ्ठी मीच वाचते. मुलांचे चार-चारचे गट केले, प्रत्येक गटात लहान-मोठी मिसळून. प्रश्न विचारला की गटाने डोकी एकत्र करून कुजबुजायचं, मी मनात वीस मोजते. उत्तर मात्र ज्याची पाळी असेल त्यानेच द्यायचं. त्यामुळे हुशार मुलीला ते उत्तर शेजारच्या पाच वर्षांच्या पिल्लाला समजावून सांगावं लागतं, आणि खरं शिकणं त्या कुजबुजीतच होतं. चुकलं तर प्रश्न पुढच्या गटाकडे. बाद कुणीच होत नाही. बरोबर आलं की वाटीत चिंचोके. घरात चिंच फोडली की चिंचोके उरतातच, पैसा लागत नाही. कंपासपेटी बंद. शेवटी सगळे चिंचोके एकत्र मोजायचे आणि मागच्या रविवारपेक्षा वर्गाचे जास्त झाले का ते बघायचं. काही मोठ्या मुलांना हे आवडलं नाही, त्यांना पहिला नंबर हवा होता. आठवडाभर कुरकुरली, मग विसरली.

सगळ्यात रंगतो तो ‘मी कोण?’ हा खेळ. खुणा अवघडाकडून सोप्याकडे द्यायच्या. मी श्रीमंत आहे, पण लोक माझ्यावर रागावतात. इथेच ओळखलं तर चार चिंचोके. मी कर गोळा करतो, तीन. मी बुटका आहे, दोन. मी झाडावर चढलो, एक. आता सगळी ओरडतात, जक्कय! मग मी विचारते, झाड कोणतं? आपल्या मराठी शास्त्रात उंबर आहे. इंग्रजी शाळेतली एक मुलगी म्हणाली, “सिकामोर.” पण ते कसं असतं ते तिला सांगता येईना. तो चौथीतला मुलगा त्या दिवशी पहिल्यांदाच परत आला होता, आईचा हात धरून. तो म्हणाला, “उंबराची फळं फांदीला नाही, खोडालाच चिकटून येतात. फोडलं की आत किडे असतात.” त्या देशातलं ते झाड आपल्या उंबराचाच भाऊबंद, त्याचीही फळं तशीच येतात. जक्कयाला चढायला ते का सोपं गेलं हेही त्यानेच सांगितलं, फांद्या खालून फुटतात म्हणून. त्याच्या गटाला मी दोन चिंचोके जास्त दिले. पक्षपात केला म्हणा हवं तर.

फसवे प्रश्न मुलांना फार आवडतात. मोशेने तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले? सगळी “दोन” म्हणून ओरडतात, आणि मग कुणीतरी कपाळावर हात मारतं. तारू मोशेचं नव्हे, नोहाचं! बाळ येशूला भेटायला मागी लोक किती आले? मी स्वतः वर्षानुवर्षं तीनच सांगत आले. नाताळच्या नाटकातही तीनच उभे करतो. शास्त्रात आकडा नाही. भेटी तीन आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस. म्हणून प्रश्न काढण्याआधी तो उतारा पुन्हा वाचायचा, हा नियम मी स्वतःला घातला.

थोडे प्रश्न आपल्या नाशिकचेही घालते. शरणपूर रोडने मुलं रोज जातात, पण ते नाव कुठून आलं? तिथे १८५४ साली मिशनने ख्रिस्ती वस्ती वसवली, शरण आलेल्यांचं गाव. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवलेली आणि जहाजांवरून सोडवलेली मुलं तिथे शिकली, सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत १८७३ साली वारले, तेव्हा त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनला त्यांच्या दफनविधीलाही होता. नाशिकला शिकलेला मुलगा! हे ऐकताना वर्ग चिडीचूप होतो. दुसरा प्रश्न, नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली, लग्नानंतर वाचायला शिकलेली आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी बाई कोण? लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्याने सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मागे हिनेच पुरं केलं. हा प्रश्न आला की मी त्या मुलाकडे मुद्दाम बघत नाही.

गाण्यांच्या भेंड्यांना मात्र दारातली आजी जिंकते. नातीला सोडायला येते आणि उंबऱ्यावर बसते. अक्षर येत नाही, पण भजनं शेकड्यानं पाठ. मुलांनी आता तिला गटात ओढलंय. तुमच्या बचत गटातही अशी एखादी असेल, जी सही करताना मागे सरते. प्रश्न तोंडी ठेवून बघा.

वाचण्याचा प्रश्न खेळाने सुटला असं मी म्हणणार नाही. त्यासाठी शनिवारी संध्याकाळी मी आणि तो मुलगा पंधरा मिनिटं जोडाक्षरं घेऊन बसतो. ‘ख्रिस्त’ हाच शब्द किती अवघड आहे, हे मला तेव्हा कळलं.

गेल्या महिन्यापासून प्रश्न मुलांनीच काढायचे असं ठरवलंय. त्याने विचारलं, “पाच भाकरी आणि दोन मासे ज्या मुलाकडे होते, त्याचं नाव काय?” चारही गट कुजबुजले. कुणी आंद्रिया म्हणालं, कुणी फिलिप. मी वीसऐवजी चाळीस मोजले. मग तो हसून म्हणाला, “लिहिलंच नाही, बाई.” मी तिथेच योहानाचं शुभवर्तमान काढून बघितलं. खरंच नाही. वाटीत चार चिंचोके टाकले.