सेवेंतील खंड आणि त्याची वर्दी

शहरांत राहणाऱ्या कुटुंबांना सूचना वाचण्याची संवय फार जुनी आहे. रविवारीं हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असला कीं त्याच्या वेळा आदल्या दिवशीं वर्तमानपत्रांत येतात, आणि पनवेलहून मुंबईस लग्नाला निघणारीं माणसें त्या बेतानें आधींची गाडी धरतात. नळाचें पाणी चोवीस तास बंद राहणार असल्याचें समजलें म्हणजे घरोघर हंडे-पिंपें भरलीं जातात. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला कीं कोळी होडी समुद्रांत लोटीत नाहींत. या तिन्ही प्रसंगीं सूचनेनें मूळ अडचण दूर होत नाहीं. गाडी बंद राहते, पाणी येत नाहीं, आणि वारा सुटावयाचा तो सुटतोच. तरीहि माणसांचें नुकसान टळतें. कारण काय होणार, केव्हां होणार आणि किती वेळ चालणार, हें त्यांना आधीं कळलेलें असतें.

याच जातीची एक नवी सूचना आतां पुष्कळ घरांत येऊं लागली आहे. ती दारावर चिकटविलेली नसते, वर्तमानपत्रांतहि छापलेली नसते. घरांतील एकाद्या तरुण मुलाच्या किंवा मुलीच्या संगणकावर ती येते, आणि भरलें ताट बाजूला सारून ती व्यक्ति कामाला बसते. ही सूचना होस्टिंग कंपनीची असते. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सर्वसामान्य जनतेस इंटरनेट खुलें केलें. त्यानंतर दुकान, दवाखाना, शाळा, पतपेढी यांचे कितीतरी व्यवहार हळूहळू वेबसाइटींवर गेले. वेबसाइट म्हणजे कोठेंतरी एका यंत्रावर ठेवलेला मजकूर आणि तो मागेल त्याच्यापुढें मांडणारी आज्ञावली. तें यंत्र अहोरात्र चालू ठेवणें, त्याला अखंड वीज पुरविणें, तें थंड राखणें, चोरांपासून जपणें, हें ज्याच्या त्याच्या घरीं साधण्यासारखें नाहीं. म्हणून यंत्रांतील जागा भाड्यानें देणारे व्यावसायिक निघाले. सॉफ्टवेअर रचणारा, म्हणजे रूढ भाषेंतला डेव्हलपर, हा त्यांचा बिऱ्हाडकरू. घर मालकाचें, संसार बिऱ्हाडकरूचा. आणि जिना दुरुस्तीला काढावयाचा असला तर मालकानें आधीं सांगितलें पाहिजे, इतका हा सरळ व्यवहार आहे.

या व्यवहाराचीं दोन्ही टोकें एकट्या पनवेल तालुक्यांत पाहावयास मिळतात. रोडपाली हें मुळांत एक खेडें. कळंबोलीला लागून, तळोज्याच्या कारखान्यांपासून जवळ. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईची आखणी झाली, आणि कालांतरानें या गांवाभोंवतीं उंच इमारतींचे सेक्टर उभे राहिले. २०१६ सालीं पनवेल महानगरपालिका अस्तित्वांत आली. शेजारीं कळंबोलीला मुंबई-पुणें द्रुतगतिमार्ग सुरू होतो. अशा ठिकाणच्या सदनिकेंत बसून पुण्याच्या किंवा परदेशच्या गिऱ्हाइकाचें काम करणारा डेव्हलपर ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. दुसरें टोंक पनवेलच्या पलीकडे आहे. तेथें योट्टा या कंपनीचें एनएम-१ नांवाचें डेटा सेंटर, म्हणजे यंत्रघर, जुलै २०२० मध्यें सुरू झालें. ७,२०० रॅक आणि ५० मेगावॉट वीज अशा मापानें तें बांधलेलें आहे. रॅक म्हणजे यंत्रें रचून ठेवण्याचें उभें कपाट.

तथापि रोडपालीच्या डेव्हलपरचें बिऱ्हाड या शेजारच्या इमारतींतच असेल, असें मुळींच नाहीं. तें मुंबईंत असेल, सिंगापुरांत असेल, किंवा अमेरिकेंतील व्हर्जिनियांतहि असेल. त्याला इमारत दिसत नाहीं, यंत्र दिसत नाहीं, मालकहि दिसत नाहीं. त्याला दिसते ती केवळ मालकाची सूचना. म्हणून ती वेळेवर येणें आणि खरी असणें यावर त्याची गिऱ्हाइकांतील पत अवलंबून राहते.

या सूचना मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिली नियोजित दुरुस्तीची. कंपनी आपल्या देशांतील रात्र पाहून काम काढते. पण हिवाळ्यांत न्यूयॉर्कला रात्रींचे दोन वाजतात तेव्हां रोडपालींत दुपारचे साडेबारा झालेले असतात. पुष्कळ कंपन्या म्हणून जागतिक प्रमाणवेळ देतात, आणि वाचणारानें तींत साडेपांच तास मिळवावयाचे असतात. १९०६ सालीं भारतीय प्रमाणवेळ सुरू झाल्यावरहि ज्या मुंबईनें १९५५ पर्यंत एकोणचाळीस मिनिटें मागें असलेला आपला निराळा ‘मुंबई टाइम’ जपला, तिच्या परिसरांत हा हिशोब कोणास अपरिचित वाटूं नये. तरीहि पुष्कळ घोटाळे होतात ते येथेंच. सूचना आलेली असते, वाचलेलीहि असते. फक्त रात्र कोणाची, हें पाहावयाचें राहून जातें.

नियोजित काम निर्धोक असतेंच असेंहि नाहीं. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें आणि नवी मुंबई यांच्या मोठ्या भागांतील वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या. कळवा-पडघा येथील एका सर्किटचें दुरुस्तीचें काम चालू असल्यामुळें सारा भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्यांत बिघाड झाला, असें तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनीं सांगितलें. यंत्रघराचीहि गोष्ट अशीच आहे. तेथें प्रत्येक सोय दुहेरी केलेली असते. परंतु दुरुस्तीच्या वेळीं दोन आधारांपैकीं एक काढून घेतलेला असतो. म्हणून “सेवेवर परिणाम अपेक्षित नाहीं” असें सूचनेंत लिहिलेलें असलें तरी सूज्ञ डेव्हलपर त्या घटकेला आपलें नवें काम यंत्रावर चढवीत नाहीं.

दुसरा प्रकार बिऱ्हाड हलविण्याच्या सूचनेचा. हेरोकू या अमेरिकन कंपनीनें २५ ऑगस्ट २०२२ रोजीं जाहीर केलें कीं, तिच्या विनामूल्य योजना २८ नोव्हेंबर २०२२ पासून बंद होतील. देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनीं आणि नवशिक्यांनीं आपले पहिले प्रयोग तेथें मांडले होते. तीन महिन्यांची मुदत मिळाली, ही गोष्ट कंपनीच्या बाजूची. परंतु मुदतीचा उपयोग पत्र वाचणारालाच होतो. महाविद्यालय सोडतांना जो पत्ता सुटला, त्याच पत्त्यावर अशी सूचना गेली, तर ती न गेल्यासारखीच.

तिसरा प्रकार अकस्मात् झालेल्या बिघाडाच्या सूचनेचा, आणि सर्वांत नाजूक तोच. येथें बहुतेक कंपन्यांनीं चार पायऱ्यांचा एक प्रघात पाडलेला आहे. आधीं “तपास चालू आहे”, मग “कारण सापडलें”, मग “उपाय केला असून लक्ष ठेवलें आहे”, आणि शेवटीं “निवारण झालें”. यांतली पहिली पायरी दिसावयास पोकळ दिसते. कारण तींत कारण नाहीं, उपाय नाहीं आणि वेळहि नाहीं. वस्तुतः तीच सर्वांत मोलाची. दवाखान्याची नोंदणी बंद पडली म्हणजे डॉक्टर डेव्हलपरला फोन करितात. मालकाकडून शब्द आलेला नसेल, तर तो आपल्याच आज्ञावलींत चूक शोधूं लागतो, चालू असलेला भागहि उसवितो, आणि तासाभरानें कळतें कीं दोष त्याचा नव्हताच. “बिघाड आमच्याकडे आहे” एवढें एक वाक्य वेळेवर आलें असतें तर तो तास वांचला असता, आणि डॉक्टरांना खरें काय तें सांगतांहि आलें असतें.

पहिल्या वाक्याला उशीर होतो याचें एक कारण मोहांत आहे. ९९.९ टक्के सेवेची हमी ऐकावयास मोठी वाटते; तिचा हिशोब मांडला तर वर्षाकाठीं पावणेनऊ तास बंद राहण्याची तींत मुभा आहे. ९९.९९ टक्के म्हटलें तर सुमारें त्रेपन्न मिनिटें. फलकावर हिरव्याचा लाल दिवा झाला कीं हीं मिनिटें मोजलीं जाऊं लागतात, आणि म्हणून तो दिवा बदलण्यास हात कचरतो. दुसरें कारण रचनेंतलें असूं शकतें. २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया येथील साठवण-सेवेंतून थोडे सर्व्हर काढण्याची आज्ञा देतांना एका कर्मचाऱ्याकडून तींतील एक भाग चुकीचा लिहिला गेला, आणि अपेक्षेहून पुष्कळच अधिक सर्व्हर निघाले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेप्रमाणें सकाळीं ९.३७ ला सुरू झालेला बिघाड दुपारीं १.५४ ला संपला. पण कंपनीचा सूचनाफलकच त्या साठवणीवर अवलंबून होता; त्यामुळें ११.३७ पर्यंत, म्हणजे पूर्ण दोन तास, त्यावरील एकेका सेवेची स्थिति बदलतां आली नाहीं. तोंवर ट्विटरवरून कळवावें लागलें. हें सारें कंपनीनें स्वतःच नंतर लेखी सांगितलें. आगीची घंटा जळत्या घराच्या आढ्याला टांगूं नये, हा त्यांतला धडा.

त्याच वर्षीं, ३१ जानेवारीला, डेव्हलपरांचें काम सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनींत याहून मोठी परीक्षा झाली. रात्रीं उशिरां काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्यानें दुय्यम यंत्रावरील नोंदी पुसावयाच्या त्या मुख्य यंत्रावरच्या पुसल्या. हात थांबला तोंवर सुमारें ३०० गिगाबाइटपैकीं ४.५ गिगाबाइट उरले होते. राखीव प्रति, म्हणजे बॅकअप, शोधूं जातां निराळेंच सत्य बाहेर आलें. रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता. तो चुकल्याचीं पत्रें यंत्र इमानानें पाठवीत होतें. परंतु त्यांवर ओळखीची आवश्यक खूण नसल्यामुळें तीं वाटेंतच नाकारलीं जात होतीं. वर्दी निघत होती, पण पोंचत नव्हती. सुदैवानें त्याच कर्मचाऱ्यानें सहा तास आधीं दुसऱ्या कामासाठीं एक प्रत काढून ठेविली होती, आणि तिच्यावर सारें वांचलें. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीनें यांतलें कांहीं झांकलें नाहीं. दुरुस्ती चालू असतांनाच तिनें आपलें टिपण सर्वांसाठीं उघडें ठेविलें, कामाचें दृश्य प्रक्षेपित केलें, आणि पुढें सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत दोष एका माणसाच्या माथीं मारलेला नाहीं. एका माणसाच्या हातून इतकें होऊं शकतें अशी व्यवस्था कां होती, याचा शोध आहे. चूक करणाराला फांसावर चढविण्याची रीत असली, तर पुढची चूक लपविली जाते, हें शहाणपण त्यामागें आहे.

उत्तम सूचनेलाहि मर्यादा आहेत. १० मार्च २०२१ रोजीं मध्यरात्र उलटल्यावर फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथें ओव्हीएच कंपनीच्या यंत्रघराला आग लागली. एक पांच मजली इमारत पूर्ण नष्ट झाली, दुसरीचा कांहीं भाग जळाला. मनुष्यहानि झाली नाहीं. संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनीं आगीची वार्ता लगेच उघडपणें दिली आणि गिऱ्हाइकांनीं आपली आपत्कालीन योजना अमलांत आणावी असें सांगितलें. ज्यांची दुसरी प्रत दुसऱ्या गांवीं होती, ते सावरले. ज्यांची नव्हती, त्यांना ती सूचना वाचून करण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. रस्ट या खेळाच्या युरोपांतील सर्व्हरांवरील नोंदी परत मिळाल्या नाहींत. मालकानें खरें सांगावें हें जितकें जरूर, तितकेंच बिऱ्हाडकरूनें आपल्या मौल्यवान् वस्तूंची एक प्रत अन्यत्र ठेवावी हेंहि जरूर.

कायद्यानेंहि या विषयांत थोडें पाऊल टाकलें आहे. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं दिलेल्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना ध्यानांत आल्यापासून सहा तासांच्या आंत संस्थेस कळवावयाच्या असतात, यंत्रांच्या नोंदी १८० दिवस राखावयाच्या असतात, आणि यंत्रांचीं घड्याळें प्रमाणित वेळेशीं जुळवावयाचीं असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमांत, लोकांच्या खाजगी माहितीच्या सुरक्षिततेचा भंग झाल्यास तें संबंधित व्यक्तींनाहि कळविण्याची तरतूद आहे. परंतु साध्या बिघाडानें दुकान चार तास बंद पडलें, तर तें कसें व केव्हां सांगावें, हें बव्हंशीं करारावर आणि मालकाच्या सचोटीवर सोंपविलेलें असतें. करारांतली भरपाई म्हणजे बहुधा पुढच्या बिलांतली थोडी सूट. गेलेलें गिऱ्हाईक तीमुळें परत येत नाहीं.

म्हणून रोडपालीच्या डेव्हलपरनें नवें बिऱ्हाड घेतांना भाड्याच्या आंकड्याइतकेंच आणखी तीन गोष्टींकडे लक्ष द्यावें. कंपनीचा सूचनाफलक तिच्या स्वतःच्या यंत्रांहून वेगळ्या ठिकाणीं आहे काय, हें पाहावें. मागील मोठ्या बिघाडानंतर तिनें काय लिहिलें, तें वाचावें; त्यांत वेळा, कारण आणि पुढील उपाय हीं तिन्ही असलीं, तर ती कंपनी विश्वासास पात्र समजावी, आणि नुसती दिलगिरी असली, तर विचार करावा. तिसरी गोष्ट त्याच्या स्वतःच्या घरची. आपली राखीव प्रत आहे एवढ्यावर समाधान न मानतां, वर्षांतून दोन-तीन वेळां ती उघडून, तिच्यावरून सारें काम पुन्हां उभें राहतें किंवा नाहीं, याची प्रत्यक्ष तपासणी करावी. ज्या पत्त्यावर या सूचना येतात, तो पत्ता चालू आहे आणि तो रोज उघडला जातो, एवढेंहि त्याच दिवशीं पाहून घ्यावें.