पंप बोलतोय का?

जुनी स्पोर्ट्‌स कार घरी दुरुस्त करायची म्हटलं की लोक आधी हत्यारांची चौकशी करतात. पाने कुठले, जॅक कसला, मल्टिमीटर लागतो का. हे सगळं लागतं. पण गाडी बंद पडून दारात उभी राहिली की सगळ्यात आधी लागतात ते कान. म्हणूनच हा विषय रेडिओवर बोलायला मला सोयीचा वाटतो.

मी बोलणार आहे ती गाडी एमजीबी. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या जवळ ॲबिंग्डन नावाचं गाव आहे, तिथे १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी तयार होत होती. दोघांनी बसायचं, लांब नाक, मागे दुमडणारं कापडी छप्पर. सगळे प्रकार मिळून पाच लाखांहून जास्त निघाल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. आज आपल्या रस्त्यांवर याच नावाच्या चकचकीत गाड्या दिसतात, त्यांचं आणि हिचं नातं नावापुरतं.

माझा चुलतभाऊ, त्याला मी दादा म्हणतो, इंग्लंडातच राहतो. त्याच्याकडे १९६५ सालची एमजीबी आहे. पहिल्यांदा तिचं बॉनेट उघडलं तेव्हा मला हसूच आलं, कारण आत ओळखीचा चेहरा. आपली अॅम्बॅसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची ‘बी’ मालिका. चुलतभावाच्या गाडीत चुलतभाऊच निघाला म्हणा ना. ज्यांनी अॅम्बॅसिडरचे टॅपेट लावलेत त्यांना इथे काही नवं शिकावं लागत नाही. आठ व्हॉल्व्ह, आणि हिशेब नऊच्या बेरजेचा. आठवा पूर्ण दाबला गेला असेल तेव्हा पहिल्याची फट बघायची, सातवा दाबला असेल तेव्हा दुसऱ्याची. इंजिन थंड असताना पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. फीलर गेजची पट्टी किंचित अडकत सरकली पाहिजे. फायरिंग ऑर्डर एक, तीन, चार, दोन.

आता तक्रार काय होती ते सांगतो. दादा म्हणाला, “वीसेक मिनिटं झकास चालते. मग गरम झाली की गचके देते आणि बंद पडते.” असं कुणी म्हणालं की आसपासचे चार जाणते लगेच बोट दाखवतात ते कार्बोरेटरकडे. या एमजीबीला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर आहेत, त्यामुळे संशयही दुप्पट. इंग्लंडातल्या जुन्या मिस्त्र्यांमध्ये एक विनोद चालतो, की कार्बोरेटरचे बहुतेक आजार इग्निशनमध्ये असतात. विनोद असला तरी मी तो गंभीरपणे घेतो. दादाने मात्र तोवर नवी कॉइल आणि नवा कंडेन्सर मागवून ठेवले होते. तपासणीआधी खरेदी हा या छंदातला सगळ्यात महागडा रोग आहे. तीन वस्तू एकदम बदलल्या आणि गाडी चालू झाली, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. शिवाय नवी वस्तू म्हणजे चांगली वस्तू असंही नाही. हल्ली मिळणारे काही रोटर आणि कंडेन्सर इतके सुमार असतात, की पन्नास वर्षं चाललेला जुना भाग फेकून देणाऱ्याचा मला राग येतो. तो डब्यात जपून ठेवावा.

तर सुरुवात कानांनी. “दादा, तू किल्ली फिरव, सेल्फ मारू नकोस,” म्हटलं आणि मी मागे जाऊन उजव्या चाकाजवळ वाकलो. एमजीबीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि तिथे, मागच्या बाजूला असतो. किल्ली फिरवली की टक्‌ टक्‌ टक्‌ असा भरभर आवाज येतो, मग तो मंदावतो आणि थांबतो. थांबला याचा अर्थ दोन्ही कार्बोरेटरांच्या वाट्या भरल्या, फ्लोट वर आले, सुईने तोंड बंद केलं. टकटक थांबतच नसेल तर टाकीत पेट्रोल नाही, नाहीतर कुठे गळती आहे, किंवा ती सुई नीट बसत नाही. मग ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल खाली टपकताना दिसतं. अजिबात आवाज नसेल तर वाट्या आधीच भरलेल्या असतील किंवा पंपाचे पॉइंट चिकटले असतील. अशा वेळी पंपाच्या अंगावर पान्याने हलकी टिचकी मारायची चाल जगभर आहे. तिने तात्पुरतं भागतं, घरी पोचता येतं. पुढे पंप उघडून पॉइंट साफ करावे लागतात आणि त्याचं अर्थिंग बघावं लागतं.

दादाचा पंप शहाण्यासारखा बोलत होता. टाकीचं झाकणही पाहिलं. झाकणातून हवा आत जायची वाट बुजली की टाकीत निर्वात तयार होतो आणि काही वेळाने पेट्रोल येईनासं होतं. झाकण उघडताना फुस्स आवाज आला तर चोर सापडला. इथे तसला आवाज आला नाही.

मग मी दादाला पाने-बिने बाजूला ठेवायला सांगितले आणि प्रश्न विचारत बसलो. बंद पडते ती नक्की कुठे? गावातून बाहेर पडून मोठ्या सपाट रस्त्याला लागलं की. चढावर? चढावर तशी बरी असते. पाय दाबलेला असताना की सैल सोडलेला असताना? दादा जरा थांबला. “सैल,” म्हणाला, “जरा पाय हलका करून एका वेगात चालवायला लागलं की.” आणि बंद पडल्यावर किती वेळ थांबावं लागतं? थांबावं लागत नाही, बाजूला घेऊन सेल्फ मारला की लगेच चालू.

म्हणजे गरम होण्याचा काही संबंधच नव्हता. कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन रुसला असता तर गार होईपर्यंत त्याने वाट बघायला लावली असती. वीस मिनिटं लागत होती ती गावातली गर्दी ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागायला.

एका वेगात हलक्या पायाने चालताना इंजिनात असं काय होतं, जे चढावर होत नाही? उत्तर डिस्ट्रिब्युटरच्या पोटात आहे. तिथे ज्या पत्र्यावर इग्निशनचे पॉइंट बसवलेले असतात तो पत्रा थोडा फिरू शकतो. इंजिनाच्या ओढीने एक डबी तो पत्रा फिरवते आणि ठिणगी जरा लवकर पडते. यालाच व्हॅक्यूम ॲडव्हान्स म्हणतात. पाय हलका असताना ही ओढ जास्त, पूर्ण दाबल्यावर जवळजवळ नाहीच.

तपासायची रीत घरगुती आहे. इंजिन चालू ठेवायचं, हलत्या पट्ट्यापासून हात, बाह्या, मफलर दूर ठेवायचे. डबीची बारीक नळी कार्बोरेटरकडून काढायची, तिला स्वच्छ रबरी नळीचा तुकडा जोडायचा आणि तोंडाने हवा ओढायची. सगळं ठीक असेल तर इंजिनाचा आवाज जरा चढतो. मी ओढलं तर इंजिनाने दोन गचके दिले आणि ते गप्प झालं. सोडलं, सेल्फ मारला, चालू. पुन्हा ओढलं, पुन्हा गप्प.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत फिरणाऱ्या पत्र्याला अर्थिंग देणारी बोटाच्या पेराएवढी एक वायर असते, आणि पॉइंटला करंट आणणारी दुसरी. बाहेरून दोन्ही धडधाकट. पण करंटची वायर चिमटीत धरून हलकेच ताणली तर तिचं आवरण लांबलं. तांब्याची वायर अशी लांबत नाही. आतले तंतू एकेक करून तुटले होते आणि शेवटचे दोनचार टोकाला टोक लावून उभे होते. पत्रा फिरला की ती टोकं सुटायची आणि ठिणगी बंद. मीटर लावून पत्रा बोटाने फिरवला तेव्हा काटाही तसाच पडला. जागी घालायची वायर मात्र खूप बारीक तंतूंची, अतिशय लवचिक अशीच हवी. घरातल्या बटणामागची वायर लावलीत तर महिन्या-दोन महिन्यांत तीही तुटेल. टोकाला कथील ओतून ती ताठ करू नये, टर्मिनल दाबून बसवावं. मग पॉइंटची फट पुन्हा मोजायची, चौदा ते सोळा थाऊ. नवी कॉइल खोक्यातच राहिली.

कार्बोरेटरला हात लावायचा तो या सगळ्यानंतर. एसयू हे फार देखणं यंत्र आहे. आत एक पिस्टन, त्याला निमुळती सुई. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा पिस्टन वर, तेवढी सुई वर, तेवढं पेट्रोल. दोन्हींची हवा सारखी आहे का ते नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं तोंडाशी धरून ऐकतात. फुसकारा दोन्हीकडे सारखा हवा. मिश्रण बघायला पिस्टन मिलिमीटरभरापेक्षा कमी उचलायचा. इंजिन वेग घेऊन तिथेच राहिलं तर पेट्रोल जास्त, गचकलं तर कमी, क्षणभर चढून पूर्ववत झालं तर बरोबर. वरच्या नळकांड्यात थोडं तेल असतं ते आटलं की पाय दाबताच गाडी अडखळते. पुष्कळांची तक्रार एवढ्यावरच मिटते.

ही गाडी मालकाने स्वतः उघडावी अशीच होती. जॉन हेन्स नावाचा हवाई दलातला तरुण अधिकारी एडनमध्ये असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट दुरुस्त करायला बसला. कंपनीच्या पुस्तकाने काही नीट कळेना, म्हणून त्याने सुटे भाग करताना फोटो काढत काढत स्वतःचं पुस्तक केलं. १९६६ साली ते निघालं आणि हेन्सची पुस्तकं पुढे घरोघरच्या गॅरेजात पोचली. ती स्प्राइटही ॲबिंग्डनचीच. अर्थात ‘उघडलंत तसं उलट क्रमाने जोडा’ एवढं सांगून ही पुस्तकंही हात वर करतात तेव्हा चिडायला होतं.

घरी काय करू नये तेही सांगतो. एमजीबीला वेगळी चॅसिस नाही, दाराखालचे पत्र्याचे पोकळ पाट गाडीचं वजन पेलतात. ते गंजले आणि नुसता पत्रा कापायला घेतला तर गाडी मधून वाकते, दारं लागेनाशी होतात. हे काम वेल्डिंगच्या जाणत्याकडेच द्यावं. १९८८ पासून तर इंग्लंडात जुन्या साच्यांवर अख्खी नवी बॉडीही मिळू लागली. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ हवेने उडवू नये. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कितीही घाई असली तरी, शिरू नये. घोड्या लावाव्यात.

आपल्याकडे अशी एखादी गाडी शेडमध्ये झाकून ठेवलेली असेल तर दोन गोष्टी आधी बघा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि बॉडीला धन टोक जोडलेलं असतं, आपल्या सवयीच्या अगदी उलट. दुसऱ्या गाडीवरून करंट देताना किंवा आधुनिक रेडिओ बसवताना हे विसरलात तर धूर निघेल. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्या काळातलं रबर त्यासाठी केलेलं नाही. नळ्या फुगतात, मऊ पडतात, आतून सुटलेले कण सुईच्या तोंडाशी अडकतात. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मिळतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळ्या बदला, नव्या क्लिपा लावा, आणि मग पहिल्यांदा किल्ली फिरवताना शेजारी अग्निशामक ठेवून गाडीखाली टॉर्च मारून बघा.