यार्ड: एक उच्चार, दोन कुळे
पुण्यात बिबवेवाडीलगतच्या मार्केट यार्डातील ‘यार्ड’ आणि कापड मोजण्याचा, मराठीत वार म्हणून रुळलेला यार्ड हे इंग्रजीत एकसारखेच लिहिले जात असले, तरी व्युत्पत्तीने, म्हणजे शब्दाच्या उगमाने, ते परस्परांचे कोणीच लागत नाहीत. पहिला ‘कुंपण घातलेली जागा’ या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी शब्दापासून आला असून ‘गार्डन’ हा त्याचाच फ्रेंचमार्गे आलेला भाऊबंद आहे. दुसरा ‘काठी’ या अर्थाच्या निराळ्या शब्दापासून निघाला, म्हणूनच गलबतावरील शिडाच्या आडव्या वाशालाही इंग्रजीत यार्डच म्हणतात. १९५९ मध्ये प्रमुख इंग्रजीभाषक देशांनी या मापाची लांबी ०.९१४४ मीटर ठरवली. त्या हिशेबाने नऊ वारांचे लुगडे सव्वाआठ मीटरांना किंचित कमीच भरते.