धारणीच्या बाजारातली कुटकी

श्रोतेहो, कामानिमित्त धारणीला गेलात, तर भूक लागल्यावर काय शोधता? बहुधा भजी अन् चहा. ते तर कुठेही मिळतं. बाजाराच्या दिवशी जरा धान्याच्या ओळीत फिरा अन् कुटकी विचारा.

बारीक दाण्याचं हे धान्य मेळघाटातले कोरकू शेतकरी उताराच्या हलक्या जमिनीत पेरतात. पाऊस थोडा कमी झाला तरी ते तग धरतं. मात्र त्याचं टरफल काढायला उखळात पुनःपुन्हा कांडावं लागतं, आणि हे कष्ट बहुधा घरच्या बायांचे. शिजल्यावर कुटकी भातासारखी होते. वरणाशी खा, ताकाशी खा. खानावळीत नसली, तर पावभर घरी न्या. रांधायचं कसं, ते विकणाऱ्या बाईलाच विचारा.

संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. पण गौरवानं पेरा टिकत नाही, गिऱ्हाईक लागतं. म्हणून पावभर कुटकीसाठी घासाघीस करू नका.

गुरुजनहो, मुलांना एकदा बाजारात न्या. आपल्याच जिल्ह्यात काय पिकतं अन् ते कोण पिकवतं, हे त्यांना कळू द्या. पुस्तकातला धडा मग त्यांच्या जिभेवर राहील.