आरोग्याची खातेवही
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)





आपला समाज हिशेब जपणारा आहे. पन्नास वर्षांपूर्वीची देणगी कोणत्या पानावर जमा आहे, हे येथील वही पाहून सांगता येते. परंतु घरातील वडीलधाऱ्यांना गेल्या वर्षी कोणते औषध दिले गेले, असे कोणी विचारले तर आपण निरुत्तर होतो.

काटेवाडीस राहणाऱ्या माझ्या मावशीला हृदयविकारासाठी पुण्याच्या तज्ज्ञांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली होती. पुढे गुडघे दुखू लागले, तेव्हा जवळच्या एका दवाखान्यातून वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. कागदांची पिशवी घरीच राहिली होती. कोणी विचारले नाही, तिने सांगितले नाही. दोन्ही औषधे एकत्र आली, पोटात रक्तस्राव झाला आणि मध्यरात्री तिला बारामतीस हलवावे लागले. मावशी वाचली. दोन्ही डॉक्टरांनी आपापल्या परीने योग्य तेच केले होते. मात्र एकाची नोंद दुसऱ्यापर्यंत पोहोचली नव्हती.

ही उणीव दूर करण्यासाठी २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात नागरिकाला 'आभा' हा चौदा अंकी क्रमांक मिळतो. सर्व नोंदी सरकारच्या एकाच कोठारात जमा होतात, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. आपल्या पूर्वजांची हुंडी आठवा. हुंडी एका गावी लिहिली जाई आणि दुसऱ्या गावी वटवली जाई. परंतु त्यासाठी पेढीच्या वह्या गाडीत घालून कोणी नेत नसे. तद्वत येथेही नोंद ज्या रुग्णालयाची त्याच्याकडेच राहते आणि रुग्णाने संमती दिल्यावर मागितलेली तेवढीच दुसरीकडे जाते. कोणती नोंद, कशासाठी, किती काळ, हे त्या संमतीत ठरलेले असते. सहभाग ऐच्छिक आहे आणि दिलेली संमती मागेही घेता येते.

मात्र केवळ यंत्रणा उभारून जाळे टिकत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील सँटा बार्बरा परगण्यात असेच प्रादेशिक जाळे उभारण्याचा प्रयत्न झाला होता. देणगीही मोठी मिळाली होती. परंतु ती संपत आल्यावर पुढील खर्च उचलावा, इतका लाभ सहभागी संस्थांना दिसला नाही आणि डिसेंबर २००६ मध्ये ते काम बंद पडले. याउलट एस्टोनिया या चिमुकल्या देशात २००८ पासून अशी व्यवस्था चालू आहे. आपली नोंद कोणी पाहिली, हे तेथील रुग्णाला स्वतः तपासता येते. उपयोग आणि विश्वास या दोन चाकांवरच हा गाडा चालतो.

आपल्या परिसराला याची गरज विशेष आहे. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी काटेवाडीस येते आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. त्या गर्दीत एखादा मधुमेही वारकरी चक्कर येऊन पडला, तर त्याची औषधे कोणाला ठाऊक? गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड कामगार येतात. त्यांतील गर्भवती भगिनीच्या तपासण्या एका जिल्ह्यात आणि प्रसूती दुसऱ्याच जिल्ह्यात होते. मोठी रुग्णालये जाळ्यात आली, पण गल्लीतील दवाखाना आणि तपासणीची प्रयोगशाळा बाहेर राहिली, तर वहीची निम्मी पाने कोरीच राहतील.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. संमती बहुधा भ्रमणध्वनीवरून दिली जाते. म्हणजे फोन ज्याच्या हाती, संमतीही त्याच्याच हाती. सुनेच्या वा वृद्ध आईच्या नोंदी तिला न विचारता मुलाने उघडणे, हे प्रेमापोटी झाले तरी योग्य नव्हे. आजार ही ज्याची त्याची ठेव आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाही संमती हाच आहे.

म्हणून माझी संस्थेला नम्र विनंती आहे की, आठवड्यातून एक दिवस येथे एक टेबल मांडावे. दोन तरुणांनी वडीलधाऱ्यांचे कागद तारीखवार लावून द्यावेत, इच्छा असेल त्यांना आभा क्रमांक काढण्यास साहाय्य करावे, आणि प्रत्येकाच्या खिशात एक साधा कागद द्यावा : चालू औषधे, न सोसणारी औषधे, जुने विकार. वीज गेली, यंत्र बंद पडले, तरी तो कागद बोलेल. माझ्या मावशीजवळ त्या दिवशी तेवढाच असता, तरी ती रात्र टळली असती.

पन्नास वर्षे आपण पैशाचा हिशेब चोख ठेवला. येथून पुढे माणसांच्या आरोग्याचा हिशेबही तितक्याच निष्ठेने ठेवू या.

जय जिनेंद्र.